उंबऱ्यावरची ढोलकी

बलभीमची ओळख करून द्यायची तर आधी त्याच्या हातांची करून द्यायला हवी. तामलवाडीच्या तालमीत कमावलेले दंड, नांगराच्या रुमण्यानं घट्टे पडलेले तळवे, आणि एवढं सगळं होऊनही बोटांची टोकं मात्र एखाद्या शिंप्याची असावीत तशी हलकी. ती बोटं ढोलकीच्या शाईवर पडली की तुळजापूरच्या बोळातून जाणारा माणूस थबकायचा. तेच हात माणसावर पडले की त्या माणसाला खाटेवर घालून न्यावं लागायचं.

असंच एकाला गावच्या जत्रेत न्यावं लागलं होतं. भजनाचा फड रंगात आलेला. शेजारच्या गावचा एक पैलवान दारू झोकून आला आणि गंमत म्हणून त्यानं ढोलकीच्या पुडीत चाकूचं टोक खुपसलं. पुडी टर्रकन फाटली. बलभीम उठला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. चाकूचा हात मनगटात धरला, कोपराच्या मागं गुडघा लावला आणि हात उलटा फिरवला. हाड मोडलं तेव्हा पुढं बसलेल्या बाया किंचाळल्या. तरी हा थांबेना. पडलेल्या माणसाच्या मानगुटीवर बसून त्यानं त्याचं तोंड मातीत घासलं, इतकं की मातीत दात सापडले. अखेर धावपळ करून लोकांनी बैलाला टाकतात तसं दावं टाकून त्याला मागं ओढला. पुढं कधी हा विषय निघाला तर बलभीम एवढंच म्हणायचा, "हाड मोडताना ओल्या उसावानी वाजतं." दुसरं काही त्याच्या ध्यानात राहिलंच नव्हतं. आवाज तेवढा राहिला होता.

ही हकीकत विष्णुपंतांच्या कानावर गेली. विष्णुपंत म्हणजे तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले, पण देवीच्या सेवेपेक्षा सुरांच्या सेवेत जास्त रमलेले. राहत्या घराच्या खालच्या खोलीत त्यांचा संगीताचा वर्ग चाले. काटकुळे, खांद्यावर पंचा, आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. त्यांच्या वर्गाची एक रीत होती. खोलीत लाल पट्ट्यांचं जाजम अंथरलेलं असायचं आणि त्यावर ज्याची त्याची जागा ठरलेली. नवा विद्यार्थी जाजमाच्या कडेला. विद्या वाढेल तसा तो आत सरकायचा. मधोमध गाणारा, त्याच्या डाव्या हाताला पेटी, उजव्या हाताला ठेका. बलभीम कडेला बसला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. पंतांची मुलगी शामला गायला बसायची. तिच्या उजव्या अंगाची जागा मिळेपर्यंत त्याच्या दाढीचा वस्तरा गुळगुळीत झाला होता.

जत्रेनंतर तो वर्गाला आला तेव्हा पंतांनी त्याला सगळ्यांसमोर उभा केला.

"बलभीम, तुझी जागा कुठली?"

"शामलाताईच्या उजव्या अंगाला, गुरुजी."

"कुणी दिली?"

"तुमी."

"मग ऐक. हा हात पुन्हा माणसावर पडला, की त्या दिवशी जाजमावरची तुझी जागा गेली. मी 'ऊठ' म्हणणार नाही. तुझं तूच उठायचं. कबूल?"

बलभीमनं ढोलकीवर तळवा टेकला. "कबूल."

"गुरुजी, डासांचं काय?" पेटीवर बसलेल्या मार्तंडनं विचारलं. हा शाळामास्तरांचा मुलगा, थट्टेखोर. "खोलीत डास फार. हा डास मारायला गेला आणि मधे माझा गाल आला तर?"

सगळे हसले. बलभीम हसला नाही. त्याला त्या जागेपलीकडं जगात दुसरं काही नव्हतं. घरी त्याची आई सत्यभामा पाणवठ्यावर बायकांना सांगायची, "पंतांच्या लेकीच्या उजव्या अंगाला बसतोय माझा बलभीम." नवऱ्याच्या मागं त्या बाईनं मान वर करून सांगितलेली ही एकच गोष्ट.

नवरा कसा गेला, ते तामलवाडीत कुणाला सांगावं लागत नसे. निजामी अमलाचं शेवटचं वर्ष. एका दुपारी हत्यारबंद टोळी गावात शिरली. बलभीमच्या बापानं कुणाला तरी आसरा दिला, असा त्यांना संशय. सत्यभामा माहेरी गेलेली. धाकटा चुलता धोंडीबा यानं पोराला उचलून रिकाम्या कणगीत टाकलं आणि वर झाकण लोटलं. तेवढ्यात ते आत आले. बापाला त्यांनी सोप्यात खांबाला बांधला आणि बंदुकीच्या दस्त्यानं मारायला घेतलं. धोंडीबाला त्यांनी मारलं नाही. त्याला उंबऱ्यावर बसवला, आपले चिखलानं भरलेले जोडे त्याच्या मांडीवर टाकले आणि सांगितलं, "संभाल. एक भी गिरा तो देख."

धोंडीबा बसला. हलला असता तर त्यांनी घर धुंडाळलं असतं आणि कणगी सापडली असती. सख्ख्या भावाच्या डोक्याची शकलं होईपर्यंत तो जोडे मांडीवर घेऊन बसून राहिला. कणगीत पोराला दिसत काहीच नव्हतं. शेणानं लिंपलेल्या कुडातून आवाज तेवढे आत यायचे, दबून, लांबून आल्यासारखे. एक घाव. मग दुसरा. मग बापाचं कण्हणं थांबलं, घाव तरी चालूच.

त्या दिवसापासून धोंडीबा कुठल्याच उंबऱ्याला टेकला नाही. घरात चपला दाराशी काढायची रीतही त्यानं मोडली. सगळ्यांनी त्या लांब चिंचेखाली काढून यायच्या. आणि पुतण्याला त्यानं आसुडानं वाढवला. पेरताना पाभर वाकडी गेली, फटका. कुस्तीत पाठ लागली, फटका. रडला, तर दोन. "मऊ राहिलास तर मरशील," एवढंच तो म्हणायचा आणि पुन्हा आसूड उचलायचा. बलभीमच्या पाठीवर वळ असे उमटलेले की सदरा काढला की वाटे, कुणी नांगरट केलीय. ढोलकीबद्दल चुलत्याचं मत एकच होतं. "कातडं बडवून कुणी मर्द झालेला म्या तरी बघितला न्हाय."

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं तेव्हाची गोष्ट. जिल्ह्यातल्या जत्रांतून कल्याणप्पाचा सिनेमाचा तंबू फिरायचा. खेळाआधी गर्दी खेचायला तो कर्ण्यावर गाण्याच्या तबकड्या लावी. त्या घासून घासून अशा झाल्या होत्या की नायिका गाते की तिचा गळा कुणी दाबतंय, कळेना. कल्याणप्पाच्या डोक्यात आलं, तीच गाणी पंतांच्या वर्गातल्या मुलांकडून म्हणवून घ्यावीत आणि टेपवर भरावीत. टेपचं यंत्र लोहारा गावच्या माणिकप्पाकडं होतं. माणिकप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. हातात कायम पेचकस आणि जिभेलाही तसंच टोक. एके दिवशी तो ट्रंकेएवढं यंत्र मांडीवर घेऊन एस्टीनं तुळजापुरात उतरला.

वर्गाची कळाच पालटली. भिंतींवर वाकळा टांगल्या, खिडकीत कापूस कोंबला, पंखा बंद. देवळातला चौघडा आड येऊ नये म्हणून दुपारची वेळ धरली. मुलांनी हॉटेलातल्या रेडिओपुढं चहाचे कप रिचवत गाणी पाठ केली होती. तिकडं मुंबईत वाद्यांचा ताफा जे वाजवी ते इकडं मार्तंडची पेटी, बलभीमची ढोलकी आणि एक मंजिरीची जोडी. शामला मात्र हुबेहूब गायची, श्वाससुद्धा तिथंच घ्यायची.

पहिलं गाणं भरलं. माणिकप्पानं रीळ मागं फिरवून लावलं. खोलीभर ढोलकीचा दणदणाट झाला आणि त्याच्या पाठीमागं कुठंतरी विहिरीत पडल्यासारखी शामला.

"अय्यो!" माणिकप्पानं कपाळाला हात लावला. "गाणं ढोलकी म्हणतीय आणि बाई ठेका धरतीय."

"हळू वाजव, बलभीम," पंत म्हणाले.

त्यानं हळू वाजवली. पण ढोलकीला जीव लावून थाप पडली नाही तर ती बोलत नाही, नुसती कुरकुरते. टेपवर ऐकलं तर पत्र्यावर कोंबडी चालावी तसं वाजलं.

माणिकप्पानं मग आपली विद्या काढली. माइक एकच, टेपची पट्टी एकच; कुणाला मोठं करायचं, कुणाला लहान, ते यंत्रात ठरवता यायचं नाही. ते माणसांच्या अंतरावरच ठरवायचं. त्यानं खडू घेतला आणि पंतांच्या पवित्र जाजमावर वर्तुळं काढायला लागला. शामला माइकच्या तोंडाशी. पेटी तिच्या मागं. मंजिरीवाला खिडकीत. प्रत्येक वेळी गाणं भरायचं, ऐकायचं, माणूस वीतभर सरकवायचा, पुन्हा भरायचं. ढोलकी आधी भिंतीशी नेली, तिथंही ती मोठीच. शेवटी माणिकप्पा बोट रोखून म्हणाला, "तुझे हात लई दांडगे, बाबा. तिकडं जा. दाराच्या उंबऱ्यावर, चपलांपाशी बस."

मार्तंडची बोटं पेटीवरून आपोआप उठली. बलभीमच्या मानेची शीर दोरीसारखी वर आली होती. हात मुठीत वळले, उघडले, पुन्हा वळले. माणिकप्पाला काहीच ठाऊक नव्हतं; तो तिकडं वायर सोडवत होता.

बलभीमनं पंतांकडं पाहिलं.

"गाण्याला जे लागतं ते कर," पंत म्हणाले. आवाज खाली आला होता. "ती जागा माणिकप्पांच्या गाण्याची. जाजमावरची तुझी जागा तुझीच आहे."

बलभीम उठला. ढोलकी छातीशी धरून चपलांच्या ढिगाशी गेला आणि उंबऱ्यावर बसला. नाकात चामड्याचा आणि घामाचा वास गेला. तळव्यांना इतका घाम फुटला की दोनदा धोतराला पुसावे लागले. मग त्यानं वाजवली. मोकळ्या हातानं, जीव खाऊन.

टेप ऐकताना पंतांनी डोळे मिटले. शामलाचा आवाज पुढं, स्वच्छ, आणि त्याच्या खालून, लांबून, ढोलकी. एकेक थाप गोल, भरलेली, कुठंही बोचत नाही. बलभीम तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. दबून, लांबून येणारे घाव त्यानं आयुष्यात एकदाच ऐकले होते. हे तसेच होते, पण यातून कुणी मरत नव्हतं.

"जमलं!" माणिकप्पा म्हणाला. "आता ह्याला हितनं हलवायचं न्हाय. मंगळवारी उरलेली गाणी."

मंगळवार देवीचा. गावोगावचे लोक दर्शनाला येत. त्यात धोंडीबाही आला. सत्यभामेनं त्याला महिनाभर भंडावून सोडलं होतं. "भावजी, एकदा तरी बघून या. पंतांच्या लेकीच्या उजव्या अंगाला बसतोय तो." धोंडीबा कुरकुरला खरा, पण त्या दिवशी त्यानं नवा फेटा बांधला, पंतांना द्यायला नारळ घेतला, तेल पाजलेली काठी घेतली आणि देवीपुढं डोकं टेकून पत्ता विचारत त्या बोळात आला. वाटेत ओळखीच्या दोघांना सांगितलंसुद्धा, "पुतण्या गाणारणीच्या शेजारी बसतोय माझा. बघायला चाललोय."

दार उघडं होतं. आणि दारात, चपलांच्या ढिगाशी, उंबऱ्यावर पाठमोरा बलभीम.

आत टेप फिरत होती. शामलाचा अंतरा चाललेला. असल्या वेळी शिंकही आली तरी उपरणं तोंडात कोंबायचं, असा माणिकप्पाचा दंडक.

"बलभ्या," धोंडीबा म्हणाला. "हितं कामून बसलायस?"

बलभीमनं मान वळवली. चुलत्याला पाहून त्याचं तोंड पांढरं पडलं. हात ढोलकीवर चालूच. थांबले तर गाणं मोडलं. त्यानं घाईघाईनं मान हलवली: आत्ता नको.

"म्या इचारतोय कामून बसलायस?"

गाणारी डोळे मिटून गात होती. पेटीवाला खाली बघत होता. आणि माणिकप्पानं, या दारातल्या खेडुताकडं धड न बघता, आधी ओठांवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट हलवून दाखवलं: बाहेर हो.

धोंडीबाच्या डोळ्यांपुढं काय उभं राहिलं, ते तो आणि ते घरच जाणे.

"पुन्यांदा!" तो ओरडला. "पुन्यांदा जोड्यात बसवलं आमाला!"

हातातला नारळ त्यानं सरळ फेकला. तो माणिकप्पाच्या कपाळावर आपटला. कातडी फाटली आणि रक्ताचा पडदा डोळ्यांवर उतरला. माणिकप्पा यंत्रावर कोसळला. शामला किंचाळली. धोंडीबा चपला तुडवत आत आला, काठी दोन्ही हातांनी डोक्यावर. पहिला तडाखा यंत्रावर बसला. रीळ उडालं आणि तपकिरी पट्टी भेंडोळ्यासारखी सगळ्यांच्या पायांत सुटली. दुसरा तडाखा माणिकप्पाच्या पाठीवर. मार्तंड धरायला गेला तर काठीचं टोक त्याच्या पोटात बसलं आणि तो पेटीवर पालथा पडला. पेटी सगळ्या सुरांत एकदम ओरडली.

बलभीम उंबऱ्यावरच होता. दोन्ही तळहात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले होते आणि त्यावर बसला होता, अक्षरशः. "तात्या, तसं न्हाय! तात्या, ऐका! गाण्यासाठी बसलोय म्या!" तो ओरडत होता, पण त्या गदारोळात ते कुणाच्या कानी जात होतं?

पंत मधे आले. खांद्यावरचा पंचा ओढत, हात पसरून यंत्राच्या आणि काठीच्या मधे उभे राहिले. "अहो, मला मारा. पोरांना नको."

"तुमीच बसवला व्हय त्येला!" आणि काठी उतरली. ती पंतांच्या गळ्याखालच्या हाडावर बसली.

ओल्या उसासारखा आवाज झाला.

बलभीम मांड्यांखालून हात काढून कधी उठला, ते कुणाला दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की धोंडीबाचा फेटा छताला लागून खाली पडला आणि धोंडीबा भिंतीवर टांगलेल्या वाकळेवर जाऊन आदळला. काठी हिसकली, मोडली, फेकली. मग हात. उजवा कानाखाली पडला आणि कानातून रक्त आलं. डावा जबड्यावर पडला आणि जबडा वाकडा झाला. धोंडीबा खाली बसला तर त्याला उचलून पुन्हा मारला. पंत जमिनीवरून "बलभीम! बलभीम!" म्हणत होते. शामला त्याचा सदरा मागून ओढत होती; सदरा फाटून तिच्या हातात आला आणि पाठीवरची ती सगळी जुनी नांगरट उघडी पडली. ज्यानं ती नांगरली होती, तो खाली होता. आसुडाचा एकेक फटका परत चालला होता.

धोंडीबानं हात वर केला नाही. रक्तानं भरलेल्या तोंडानं तो एवढंच म्हणत होता, "मार. मला मार. पर तितं बसू नगं. तितं बसू नगं रे."

बलभीमचे दोन्ही हात आता चुलत्याच्या गळ्यावर होते. अंगठे आत रुतले. धोंडीबाचे डोळे बाहेर आले. आणि अंगठ्यांच्या खाली बलभीमला नाडी लागली. आधी द्रुत, फार द्रुत. मग एक मात्रा सुटली. मग दुसरी सुटली. ठेका मोडत होता. आयुष्यभर ज्याचे कान आणि बोटं ठेका सुटला की आपसूक सावध होत, त्या माणसाची बोटं सावध झाली. गळ्यावरून ती अशी उठली, जणू तापल्या तव्यावर पडली होती.

मग तो तिथंच, त्या पट्टीच्या गुंत्यात, रक्तात बसला आणि आपल्या हातांकडं बघत राहिला.

जखमींना टांग्यातून दवाखान्यात नेलं. माणिकप्पाच्या कपाळाला टाके पडले, पंतांच्या खांद्याला पट्टे. धोंडीबाचा जबडा बांधला. डावा कान कायमचा गेला. पोलीस जमादार विचारायला आला तेव्हा माणिकप्पा म्हणाला, "यंत्र डोक्यावर पडलं." धोंडीबानं खुणेनं सांगितलं, पायऱ्यांवरून पडलो. पंत म्हणाले, "म्हातारपण, दुसरं काय." जमादारानं मार्तंडकडं पाहिलं. मार्तंड पोट धरून म्हणाला, "मला पेटीनं मारलं, साहेब."

दवाखान्याच्या व्हरांड्यात बलभीमनं चुलत्याच्या उजव्या, चांगल्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. माइक एकच. पट्टी एकच. माणूस लांब बसवला की आवाज लांब जातो. बेइज्जती नव्हती, तात्या. धोंडीबा ऐकत राहिला. बांधलेल्या जबड्यातून शब्द येईना. नुसतं पाणी डोळ्यांतून, कानाच्या पट्टीत.

पंत घरी आल्यावर बलभीम वर्गात आला. जाजम धुऊन पुन्हा अंथरलं होतं. डाग गेले नव्हते. तो आपल्या जागेपाशी, शामलाच्या उजव्या अंगाला, क्षणभर उभा राहिला, वाकून जाजमाला हात लावला आणि बाहेर निघाला. पंतांनी "ऊठ" म्हटलं नाही. थांब असंही म्हटलं नाही. शब्द दिलेला होता. तो बाहेर लिंबाखाली जाऊन बसला आणि मग रोजच तिथं येऊन बसायला लागला. वर्ग सुटला की निघून जायचा.

कल्याणप्पाचे निरोपावर निरोप येत होते. तामलवाडीची जत्रा जवळ आली होती. माणिकप्पानं यंत्र दुरुस्त केलं, कपाळावर पट्टी घेऊनच आला. दुसरा एक ढोलकीवाला आणून बघितला. ऐकून माणिकप्पा म्हणाला, "पंत, हे कोंबडीचंच झालं."

पंतांनी जाजमावरून दारापर्यंत नजर फिरवली. मग त्यांनी मार्तंडला विचारलं, "जाजम कुठं संपतं रे?"

"भिंतीपासून... तिथं, दाराच्या हातभर अलीकडं."

"नीट बघ. उंबरा जाजमात येतो?"

मार्तंड उठून बघून आला. पहिल्यांदाच त्यानं थट्टा केली नाही. "नाही गुरुजी. उंबरा बाहेर राहतो."

"मग झालं. जाजमावर त्याला जागा नाही. ते माझ्याच्यानं मोडवत नाही आणि त्याच्याच्यानंही. पण उंबरा काही माझ्या जाजमात नाही." पंतांनी खिडकीकडं तोंड करून, नाटकातल्या राजासारखा तो मोठा आवाज लावला. खांदा दुखला असणार. "बलभीम! चपला सरकव आणि बस!"

लिंबाखालून तो आला. चपला सरकवल्या नाहीत. त्यांच्यातच बसला.

तामलवाडीच्या जत्रेत तंबूपुढच्या कर्ण्यावर ती गाणी लागली. आख्खं गाव ऐकत होतं. ज्याचा हात मोडला होता तो पैलवानही लोंबता हात घेऊन आला होता. बलभीम त्याच्या पुढं जाऊन उभा राहिला. मान खाली, हात जोडलेले. पैलवान थुंकला, पण गेला नाही. गाणं संपेपर्यंत थांबला. सत्यभामा पदर तोंडाला लावून उभी होती. धोंडीबा मान वाकडी करून, उजवा कान कर्ण्याकडं धरून ऐकत होता.

"कुठं बसला व्हतास ह्या गाण्याला?" वाकड्या जबड्यातून त्यानं विचारलं.

"उंबऱ्यावर, तात्या. चपलांत."

कर्ण्यातून थापा येत होत्या, लांबून, गोल. "तितून," तो शेवटी म्हणाला, "लई झ्याक घुमतंय." आणि त्या रात्री घरी जाऊन त्यानं आपले जोडे चिंचेखालून उचलून दाराशी आणून ठेवले.

पुढं बलभीमला मोठमोठ्या बैठकांची बोलावणी आली. नाटक मंडळीत तो गेला, सोलापुरापर्यंत वाजवून आला. दर ठिकाणी लोक गादीवर जागा करत आणि दर ठिकाणी हा दाराशी जाऊन बसे. नव्या लोकांना वाटे, आवाजाच्या हिशोबानं बसतो. आवाज छानच यायचा, त्यामुळं कुणी विचारलंही नाही. त्या हातांनी पुन्हा कुणाला मारलं नाही. एकदा एकानं त्याच्या तोंडात मारली, तरी नाही. हात मांड्यांखाली घालून बसला आणि ओठातलं रक्त गिळलं.

पंत थकले तेव्हा त्यांनी शामलाकडून नवं जाजम शिवून घेतलं. जुन्यापेक्षा लांब. गुरुपौर्णिमेला सगळे जमले, तेव्हा ते खोलीच्या या भिंतीपासून थेट उंबऱ्यावर चढून बाहेर पायरीपर्यंत आलेलं होतं. पंत लोडाला टेकून दाराकडं बघत होते. मार्तंडही बघत होता, शामलाही.

बलभीम ढोलकी घेऊन आला. त्याला कळलं. तो खाली वाकला, जाजमाची कड दोन्ही हातांनी हळूच उचलली, उंबरा उघडा पडेल एवढी आत दुमडली, तळव्यानं घडी नीट दाबली. मग उंबऱ्यावर बसला आणि पंतांकडं बघून शाईवर पहिलं बोट ठेवलं.

पंतांनी मान हलवली. शामलानं सूर लावला.